मूठमातीचं गाणं

सान ओनोफ्रे,
१८ फेब्रुवारी १९७९

प्रिय लाओ,

तोन्याच्या टोपलीत, ती विकते त्या मक्याच्या भाकऱ्यांच्या फडक्याखाली दडवून हे पत्र येईल. बराकीच्या दाराशी ती बसते तिथूनच घे आणि वाचलंस की चुलीत घाल. टपालाने पाठवलं तर तुझे साहेब आधी वाचतील आणि उत्तर द्यायला तेच इथे येतील.

राखेचा बुधवार जवळ आला. गिटारी भिंतीला टांगायच्या, ग्लोरिया बंद, आलेलुया बंद, आनंदाचं काहीच म्हणायचं नाही. चाळीस दिवस फक्त आपले गळे आणि माक्लोविओकाकांचं व्हायोलिन. दरवर्षी उपवासकाळाची गाणी तू, मी आणि निनो मिळून निवडायचो, तीही भांडून भांडून. गेल्या साली तू माझ्या आवाजाला तापल्या तव्यावरचं पाणी म्हणालास आणि मी तुला झारा फेकून मारला. निनो मध्ये पडला तर त्यालाच लागला. आता तू ऑगस्टपासून सरकारच्या गार्डांत आणि निनो, नवरा माझा, डिसेंबरपासून कुठे आहे ते देवाला ठाऊक. मी एकटी बाकावर बसते आणि भांडायलाही कुणी नाही.

नवे फादर आन्सेल्मो राजधानीतून आलेत. मला विचारत होते, शुभ शुक्रवारी तुम्ही ते मूठमातीचं गाणं म्हणता ते कुठल्या पुस्तकात आहे? म्हटलं, पुस्तकात नाही, सान ओनोफ्रेत आहे. प्रभूच्या लाकडी मूर्तीची शवपेटी चौकात आणून ठेवतो. मग गेल्या शुभ शुक्रवारपासून गावात जे जे गेले, त्यांचं एकेकाचं नाव गायकवृंद गातो आणि विचारतो, ‘याला मूठमाती कुणी दिली?’ ज्याने पहिली मूठ टाकली असेल तो गर्दीतून म्हणतो, ‘मी दिली.’ मगच पुढचं नाव. जबाब आला नाही तर गाणं तिथेच थांबतं आणि पेटीही उचलता येत नाही. म्हणून नदीत वाहून गेलेल्यांची नावं आपण घेत नाही. ज्याला माती मिळाली नाही तो मेला असं म्हणायला आपल्याकडे कुणाची छाती होत नाही.

फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. रडका आहे, पण मनाने चांगला.

आता मुद्द्याचं. निनोचं नाव घ्यायचं की नाही? सासूबाई रोज त्याचं ताट मांडतात आणि रात्री त्यातलं कोंबड्यांना घालतात. लोक म्हणतात, बाजारच्या दिवशी गार्डांनी त्याला बसमधून उतरवलं. सार्जंट कार्कामोला विचारायला गेले तर म्हणतो, ‘गेला असेल एखादीला घेऊन किनाऱ्याकडे. तुझं तोंड बघता मला नवल वाटत नाही.’ चारजणांत हसला मेला.

तू त्यांच्यात उठतोस-बसतोस. एकच शब्द काढून आण. आहे की नाही? आई गेल्यावर तुला मी वाढवलं, ते आठवून तरी आण.

तुझी ताई,
फिदेलिना


बराक,
२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं, भाकऱ्याही मिळाल्या. इथल्या भाकऱ्या बुटाच्या तळव्याला लावाव्यात अशा आहेत.

तू उगाच काळजी करतेस. निनो ठीक आहे. किनाऱ्याकडे कापूस वेचणाऱ्यांत त्याला पाहिलेला माणूस मला इथे भेटला. दाढी वाढवली आहे म्हणे. घाबरून गेला असेल, वातावरण निवळलं की येईल. तेव्हा त्याचं नाव गाण्यात घेऊ नकोस, जिवंत माणसाचं नाव त्या गाण्यात घेणं अपशकुनाचं. सासूबाईंना म्हणावं, ताट मांडत राहा.

गाण्यांचं म्हणशील तर पहिल्या रविवारी काट्यांचं गाणं घे. सोपं आहे, माक्लोविओकाकांना झोपेतही वाजवता येतं, आणि ते बहुतेक झोपेतच वाजवतात. क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत प्रत्येक मुक्कामाला एकच कडवं, लांबवू नकोस. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात. पाचव्या रविवारी मूर्ती जांभळ्या कापडाने झाकल्या की मग ‘माय वाटेत भेटली’ घे. आणि मूठमातीचं गाणं यंदा गाळलंस तरी चालेल. एक वर्ष नाही म्हटलं तर आभाळ कोसळत नाही.

तू ऐकायची नाहीस ते ठाऊक आहे. तरी सांगतो.

तुझा,
लाओ


सान ओनोफ्रे,
६ मार्च

लाओ,

एका डोळ्याने लिहितेय, अक्षर लागलं तर वाच.

शनिवारी आम्ही चर्चमध्ये तालमीला बसलो होतो. काट्यांचं गाणं, तू म्हणालास तेच. कार्कामो बूट आपटत आत आला, मागे पाच गार्ड. टोपीही काढली नाही. म्हणाला, ‘उद्या कर्नलसाहेब मिस्साला येतायत. हे रडगाणं बंद. ट्रंपेट आणा, गिटारी उतरवा आणि ते आलेलुयाचं दणदणीत काहीतरी म्हणा.’

मी म्हटलं, ‘सार्जंट, उपवासकाळात आलेलुया नसतो.’

‘मी सांगतो म्हणजे असतो.’

माक्लोविओकाकांना वाटलं, समजावून सांगावं. आपला साधा माणूस. म्हणाले, ‘साहेब, ग्लोरिया हवा असेल तर संत योसेफाच्या सणाला या. उपवासकाळातसुद्धा त्या दिवशी चालतो. आलेलुया मात्र ईस्टरलाच.’ त्यात चेष्टा नव्हती, लाओ. पण कोंबडी चोरणाऱ्याला कुणी साधं बोललं तरी ती चेष्टाच वाटते. कार्कामोने काकांना मानेला धरून साक्रिस्तीच्या, वेदीमागच्या खोलीच्या, दाराशी नेलं, त्यांचा डावा हात चौकटीवर ठेवला आणि ते जाड लाकडी दार आपटलं. एकदा नाही. काका ओरडलेसुद्धा नाहीत, नुसतं ‘अगं माय, अगं माय’ म्हणत खाली बसले. फादर आन्सेल्मो धावले, त्यांना छातीत लाथ बसली आणि ते वेदीच्या पायऱ्यांवर पडले.

मी काय केलं म्हणून विचारशील. मेणबत्तीचा पितळी दांडा उचलला आणि जो जवळ होता त्याच्या कानशिलात घातला. माणूस बैलासारखा खाली आला. मग सगळे माझ्यावर तुटून पडले. दोन दात गेले, एक डोळा उघडत नाही आणि बरगडी बोटाने दाबली तर आतल्या आत हलते. जाताना त्यांनी भिंतीवरच्या गिटारी काढून पायाखाली चेचल्या. निनोचीही. बुटाखाली तारा तुटताना जो आवाज झाला तो अजून कानात आहे.

रविवारी कर्नल आला. पहिल्या बाकावर बायको घेऊन बसला. आम्ही काट्यांचं गाणं म्हटलं, व्हायोलिनशिवाय, सगळं गाव म्हणालं. शब्द फुटत नव्हते माझ्या तोंडातून, नुसतं रक्त आणि लाळ. कर्नलच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मिस्सा संपल्यावर कार्कामोने दारातच बजावलं, शुभ शुक्रवारी ते नावांचं गाणं म्हणाल तर ज्यांची नावं घ्याल त्यांच्यात जाल. आजवर आपण तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आता बुक्क्या बसणारच आहेत तर तोंड तरी कशाला दाबायचं? मी गाणं म्हणणार.

निनो कापूस वेचतोय हे ऐकून सासूबाई हसल्या. म्हणाल्या, ‘माझ्या लेकाला कापसाने शिंका येतात. बाराव्या वर्षीच पळून आला होता तिथून.’ पण त्यांना तुझं खरं वाटावं असं फार वाटतंय. मलाही.

व्हायोलिन नाही तर मूठमातीचं गाणं कुठल्या पट्टीत उचलू? मागे मी उंच धरलं होतं आणि सगळे तोंडघशी पडले होते. तेवढं कळव.

फिदेलिना


बराक,
१४ मार्च

ताई,

तुला वेड लागलंय का? तू गार्डाला मारलंस! तुला तिथेच गोळी घातली नाही याचं कारण कर्नल येणार होता, दुसरं काही नाही. मी तुझ्या पाया पडतो. काकांचा हात बघून तरी शहाणी हो. कार्कामोला मी ओळखतो. तो दिलेला शब्द पाळतो, आणि तो तसलेच शब्द देतो.

तू म्हणशील, उंटावरून शेळ्या हाकतोय. हाकू दे. हे गाणं म्हणू नकोस. फादरांना सांग, तेच बंद करतील, मग तुझ्यावर येणार नाही. गावाला काय, दोन दिवस चिडेल.

आणि म्हणायचंच असेल, अगदीच ऐकणार नसशील, तर खालच्या पट्टीत धर. गळ्यातून नाही, पोटातून काढ. पहिल्या दोन ओळी सरळ जातात, तिसरीत ‘मूठमाती’वर ते एकदम वर चढतं आणि तिथेच सगळ्यांचा गळा फाटतो. ट्रकमध्ये निनोचाही तिथेच फाटला, आणि त्याच्यासारखा गळा सान ओनोफ्रेत दुसरा नाही. म्हणून सांगतो, खाली धर. बायकांना वर जाऊ दे, पुरुषांनी खालीच राहावं.

बरगडीला एरंडाची पानं गरम करून बांध. काकांना माझा नमस्कार सांग.

लाओ


सान ओनोफ्रे,
१७ मार्च

कुठला ट्रक?

तू ऑगस्टात गाठोडं पाठीला मारून पायी गेलास. निनोने तुला नदीपर्यंत सोडलं आणि तो घरी परत आला. त्यानंतर तुमची भेट नाही. सान ओनोफ्रेत ट्रक एकच येतो आणि तो गार्डांचा.

आणि शुभ शुक्रवार सोडला तर हे गाणं कुणी गुणगुणतसुद्धा नाही. लहानपणी तू अंगणात म्हटलंस तर आईने तुझ्या तोंडात मिरची भरली होती. निनोने ते ट्रकमध्ये का म्हटलं? कुणाचं नाव घेऊन म्हटलं?

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तुझ्या मनात ते इतकं पडलं की कागदावर सांडलं. कापूस, दाढी, वातावरण निवळलं की येईल! मी ते पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, लाओ. त्या म्हातारीला मी माझ्या तोंडाने तुझं खोटं भरवलं.

आता एक अक्षरही खोटं लिहू नकोस. लिहिलंस तर मी स्वतः कोयता घेऊन बराकीच्या दाराशी येईन आणि तुला नाव घेऊन बाहेर बोलावीन.

फिदेलिना


बराक,
२५ मार्च

ताई,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

आम्हाला सांगितलं होतं, चार बंडखोर पकडलेत, न्यायचे आहेत. मी ट्रकच्या मागच्या फळीवर बंदूक घेऊन बसलो होतो. त्यांना चढवलं तेव्हा तिसरा निनो होता. अंगठे पाठीमागे दोरीने बांधलेले, शर्ट फाटलेला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ओळख दाखवली नाही. लाओ म्हणाला असता, मेहुण्या म्हणाला असता तर कार्कामोने मलाही त्यांच्यात बसवलं असतं. त्याला ते कळलं होतं. मला कळायला वेळ लागला.

वाटेत त्याने गाणं सुरू केलं. आधी त्या तिघांची नावं विचारली आणि ती घेतली. मग स्वतःचं घेतलं, सातुर्निनो. ‘याला मूठमाती कोण देईल’ म्हणताना तो फळीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. कार्कामोने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. दात फळीवर पडले. तो पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागला. पुन्हा दस्ता. शेवटी शब्द राहिले नाहीत, नुसता सूर राहिला, आणि तिसऱ्या ओळीला तोही फाटला.

जुन्या निळीच्या हौदांपाशी त्यांना उतरवलं. हुकूम एक होता आणि बंदुका सगळ्यांच्या हातात होत्या. मी नळी वर उचलली आणि आभाळात झाडली. तू विश्वास ठेवावास असं माझ्याजवळ काही नाही. मलाही कधी कधी वाटतं, मी खालीच धरली होती.

तसंच टाकून आम्ही निघालो. रात्रभर मला त्याचा सूर ऐकू येत होता, शेजारचा गार्ड घोरत होता त्यातसुद्धा. रजा मिळाली तशी मी तिकडे गेलो. गिधाडं होती, कुत्री होती. त्यांना दगडांनी हाकललं, एका कुत्र्याला मारून टाकलं. फावडं नव्हतं. जेवणाच्या डब्याने आणि हातांनी खणलं, चौघांनाही. निनोला हौदाच्या पूर्वेच्या भिंतीला, कडुलिंबासारखं ते एकटं झाड आहे ना, त्याच्याखाली ठेवलंय. पहिली मूठ मी टाकली.

माझा हात दगडाखाली सापडलाय, ताई. इथून पळालो तर तुम्हाला उचलतील. राहिलो तर हेच.

तू नाव घे. ते आता खरं आहे. पण प्रश्न विचारू नकोस. नाव घेऊन पुढे जा. शुभ शुक्रवारी आमची तुकडी तुमच्या चौकात उभी करणार आहेत. जबाब ज्याने द्यायचा तो समोरच्या रांगेत असेल.

लाओ


सान ओनोफ्रे,
३ एप्रिल

लाओ,

आम्ही गेलो होतो. सासूबाई आणि मी, लाकडं आणायच्या निमित्ताने. झाडाखाली माती बसलेली होती. सासूबाईंनी हातभर उकरलं, पट्ट्याचं पितळ लागलं, त्यावर निनोने चाकूने काढलेला मासा होता. त्यांनी परत माती ढकलली आणि तिथेच आडव्या झाल्या. उठवत होते तर मला चावल्या. खरंच चावल्या, मनगटावर खूण आहे. घरी येऊन त्यांनी त्याचं ताट दगडावर आपटून आपटून चेपलं आणि विहिरीत टाकलं.

तुझं काय करू ते मला कळत नाही. चुलीपाशी बसले की वाटतं, तू समोर यावास आणि मी जळतं लाकूड तुझ्या तोंडात कोंबावं. कुंपणच शेत खातं हे ऐकलं होतं, पण ते कुंपण मीच लावलं, मीच पाणी घालून वाढवलं! माझ्या नवऱ्याने जीव जाताना तुझा जीव सांभाळला. तू श्वास घेतोस तो त्याचा आहे. तू जेवतोस तो घास त्याचा आहे. आणि तू मला कापसाच्या गोष्टी सांगत होतास.

तरी तू कुत्री हाकललीस. गेले आठ दिवस मी ते विसरायचा प्रयत्न करतेय, म्हणजे तुझा नीट राग करता येईल. जमत नाही.

सासूबाई म्हणाल्या, ‘मी टाकते आज मूठ आणि मीच देते जबाब. त्या पोराला मध्ये आणू नकोस.’ मी त्यांचा हात धरला. पहिली मूठ ज्याची, जबाब त्याचाच. खोटा जबाब दिला तर गेलेला वाट चुकतो असं त्यांनीच मला लग्न होऊन आले तेव्हा सांगितलं होतं.

बाकी सगळी गाणी मी काढून टाकली. ‘माय वाटेत भेटली’ नको, काट्यांचं नको. शुभ शुक्रवारी चौकात एकच गाणं होईल. मी नाव घेणार आणि प्रश्नही विचारणार. नाव घेऊन पुढे जायला ती काही बाजाराची यादी नाही. तू गप्प राहा हवं तर. आम्ही उभे राहू. पेटी उचलली जाणार नाही, प्रभू तिथेच चौकात पडून राहील, आणि सगळं गाव बघेल की सातुर्निनोला माती देणारा कुणी नाही. तेही एक उत्तरच आहे.

फादरांना सांगितलं, निघून जा. म्हणाले, ‘माझा आवाज वाईट आहे, पण मला शेवटच्या ओळीत उभं करा.’

फिदेलिना


बराक,
१० एप्रिल

ताई,

गुरुवारी निघतोय. तोन्याला दारात बसायला आता मनाई केली आहे. हे पत्र तिने कसं नेलं ते तिला विचारू नकोस.

खालच्या पट्टीत धर. घाई करू नकोस.

लाओ


सान ओनोफ्रे,
१७ फेब्रुवारी १९८०

लाओ,

सीमा ओलांडून होंडुरासकडे जाणाऱ्या लोकांच्या हाती हे पत्र देते आहे. ते तिथे कुणाला देतील, कुणी घेईल का, मला माहीत नाही. तरी तुला काय काय दिसलं नाही ते सांगायचं राहिलंय.

पहिली चार नावं नीट गेली. म्हाताऱ्या उबाल्दाला तिच्या नातवाने जबाब दिला, गोवराने गेलेल्या पोराला त्याच्या बापाने. मग मी ‘सातुर्निनो’ म्हटलं. तू नगरपालिकेच्या भिंतीशी उभा होतास, टोपी डोळ्यांवर. मी विचारलं, याला मूठमाती कुणी दिली? कुणी बोललं नाही. मी पुन्हा विचारलं. लोकांच्या चपलांखालची वाळू वाजत होती तेवढीच. तिसऱ्यांदा विचारलं तर कार्कामोच हसला आणि ओरडला, ‘बघा! कुणी मेलंच नाही तर माती कोण देणार? चला, उचला तुमचा देव!’

तेव्हा तू म्हणालास, ‘मी दिली.’

मोठ्याने नाही म्हणालास. पण सगळ्या चौकाने ऐकलं. कार्कामोने वळून बघितलं आणि क्षणभर त्याला खरंच कळलं नाही की हा आवाज त्याच्याच रांगेतून आलाय. मग त्याने पिस्तुलाच्या दस्त्याने तुझा ओठ नाकापर्यंत फाडला. तू खाली पडलास आणि पडल्या पडल्या पुन्हा म्हणालास, ‘मी दिली.’ एवढं तुला ठाऊक आहे. तुला पायांनी ओढत ट्रककडे नेलं. पुढचं तुला दिसलं नाही.

सासूबाई ओरडल्या, ‘ऐकलं का? जबाब आला! पेटी उचला!’ आणि लोकांनी पेटी उचलली, लाओ. बंदुका रोखलेल्या असताना उचलली. गार्डांनी आधी हवेत झाडल्या, मग नाही. माक्लोविओकाका पुढच्या दांड्याला होते, चेचलेला हात वर करून उजव्या खांद्यावर दांडा. त्यांच्या गळ्यात गोळी लागली. दांडा दुसऱ्याने धरला. फादर आन्सेल्मो पडले, उठले, पुन्हा पडले ते उठले नाहीत. अकरा माणसं गेली त्या चौकात. मी पेटीच्या खालून रांगत होते, वर प्रभूच्या लाकडी अंगात गोळ्या घुसत होत्या आणि माझ्या पाठीवर ढलप्या पडत होत्या. चर्चच्या दारापर्यंत पेटी गेली. रक्ताने पायऱ्या इतक्या बुळबुळीत झाल्या होत्या की शेवटी आम्ही ती ढकलत आत नेली.

तुला नेणारा ट्रक पुलापाशी डोंगरातल्या बंडखोरांनी उडवला. कार्कामो सापडला, त्याला डोकं नव्हतं. मी ते बघायला मुद्दाम गेले होते आणि मला बरं वाटलं. ते खोटं सांगणार नाही. आणखी तीन गार्ड सापडले. त्यांच्यात तू नव्हतास. मी एकेकाचं तोंड उताणं करून पाहिलं. कुणी म्हणतं नदीने नेलं. कुणी म्हणतं सीमेपलीकडच्या छावणीत फाटक्या ओठाचा एक माणूस पोरांना गाणी शिकवतो आणि ‘प’ म्हणताना त्याच्या ओठांतून हवा निसटते.

आता पुन्हा बुधवार आला. मी चर्चमध्ये बसून गाणी निवडतेय. वाद्य एकही राहिलेलं नाही आणि फादरही नाहीत, पण गळे आहेत. यंदा शुभ शुक्रवारी नावं खूप आहेत आणि सगळ्यांचे जबाब तयार आहेत, कारण सगळ्यांना आम्हीच पुरलं. काकांना पहिली मूठ माझी होती.

सासूबाई म्हणतात, त्यांत तुझंही नाव घे. म्हणतात, ‘मी त्याला माफ केलं, तू कोण अडवणारी?’ त्यांचं मन मोठं आहे, मुलगा त्यांचा होता. माझं तेवढं नाही. मी तुला माफ केलेलं नाही, आणि वर्षभर रोज रात्री तुझी वाट बघितली आहे, हे दोन्ही खरं आहे.

म्हणून तुझं नाव मी घेणार नाही. गावाने कितीही सांगितलं तरी नाही. जिवंत असशील तर ये. मी तुला आधी हात दुखेपर्यंत मारीन, आणि मग जेवायला वाढीन.

तुझी ताई,
फिदेलिना